चे गेवाराचा सव्वाचार तासांचा सिनेमा मुलांना दाखवायचा असेल तर

स्टीव्हन सोडरबर्गचा ‘चे’ हा २००८ सालचा सिनेमा, क्यूबाच्या क्रांतीत आणि पुढे बोलिव्हियात लढलेला अर्जेंटिनाचा डॉक्टर चे गेवारा याच्यावरचा. दोन भाग आहेत, मिळून सव्वाचार तासांच्या थोडं वर जातं. बहुतेक संवाद स्पॅनिश. गाणं नाही, नायकाचं बालपण नाही, प्रेमकथा म्हणावी असं काही नाही. तरीही कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याने आणि पोट्टीने तो एकदा बसून बघावा, असं मला मनापासून वाटतं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ओळखीपाळखीच्या मुलांना सिनेमे दाखवते, आणि हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते. डोंगरात लपून लढणाऱ्या माणसाचं काय होणार हे तिथली जमीन, तिथलं पाणी आणि तिथे राहणारी माणसं ठरवतात. हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही. पण तयारी न करता लावला तर पहिल्या अर्ध्या तासातच निम्मे मोबाइल खिशातून बाहेर येतात. म्हणून तयारी सविस्तर लिहिते.

दिवस कोणता, वेळ कोणती

उन्हाळ्यात लावू नका. आपल्याकडे मार्च संपता संपता कूलर सुरू होतात, आणि कूलरच्या आवाजात या सिनेमातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐकूच येत नाही. ती म्हणजे चेचा श्वास. अर्नेस्तो गेवाराला, म्हणजे चेला, लहानपणापासून दमा होता. बेनिसियो देल तोरोने ही भूमिका केली आणि त्यासाठी त्याला कॅन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चढणीवर छातीतून येणारी बारीक शिट्टी, अर्ध्यात थांबलेलं वाक्य, बाकीचे पुढे गेल्यावर झाडाला टेकून घेतलेला दम: हे सगळं कानाने बघायचं काम आहे. पंखेही बंद ठेवता येतील असे आपले दोनच महिने, डिसेंबर आणि जानेवारी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे असतात, पलीकडच्या भागातून येणाऱ्या मुलांना उशीर होतो. त्यामुळे मी जानेवारीतला रविवार धरते.

दोन्ही भाग एकाच दिवशी दाखवा. पुष्कळ जण दोन रविवार करू म्हणतात. मी करत नाही. पहिल्या भागात क्यूबात जे जे जमलं ते डोक्यात ताजं असतानाच दुसऱ्या भागात बोलिव्हियात तेच तेच फसताना बघायचं असतं. आठवडा मध्ये गेला की उरतो एका हरलेल्या मोहिमेचा लांबच लांब सिनेमा. दुपारी तीनला पहिला भाग सुरू केला तर सव्वापाचला संपतो. मग सव्वा तास खाणं, पाय मोकळे करणं. साडेसहाला दुसरा. जानेवारीत तोवर बाहेर अंधार पडलेला असतो, म्हणजे खिडक्यांना जाड चादरी लावायच्या त्या पहिल्या भागापुरत्याच.

सिनेमाची प्रत अधिकृत घ्या. मोठा कार्यक्रम करणार असाल, फलक लावून लोकांना बोलावणार असाल किंवा तिकीट ठेवणार असाल, तर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची परवानगी आधी हातात हवी. मुलं सोळाच्या पुढची असू द्या, लहानग्यांसाठी हा सिनेमा नाही.

पडदा आणि आवाज

पहिला भाग लांबट, रुंद चौकटीत आहे. नेहमीच्या पडद्यावर त्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. कोणीतरी हमखास उठतं, “मॅडम, चित्र लहान दिसून राहिलं, मोठं करू का?” करू देऊ नका. चित्र ताणलं की माणसं उंच-किडकिडीत होतात, आणि मोठं केलं की दोन्ही बाजू कापल्या जातात. त्या बाजूंनाच तर क्यूबातल्या सिएरा माएस्त्राचे डोंगर आहेत. दुसरा भाग पडदा जवळजवळ भरून टाकतो, कारण तो मुळातच कमी रुंद चौकटीत घेतला आहे. हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे. सोडरबर्गने कॅमेराही स्वतःच सांभाळला, श्रेयनामावलीत मात्र पीटर अँड्र्यूज हे टोपणनाव घातलं. पहिल्या भागात कॅमेरा बहुतेक स्थिर, लांबून बघणारा, रंग भरलेले. रांगेने जाणारी माणसं आणि त्यांच्याभोवतीची झाडी एकाच नजरेत येते. दुसऱ्यात कॅमेरा हातात घेऊन चालवलेला, रंग उडालेले, माणसाच्या पाठीमागून दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. मुलांना हे आधी सांगू नका. दुसरा भाग संपल्यावर विचारा.

मध्ये मध्ये काळी-पांढरी, दाणेदार दृश्यं येतात, ती डिसेंबर १९६४ मधल्या न्यूयॉर्कची. चे संयुक्त राष्ट्रांत भाषण करायला गेला तेव्हाची. हे एवढं मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर काळ मागे गेला की पुढे यावरून कुजबुज सुरू होते.

लॅपटॉपच्या आवाजावर भागवू नका. बाजूला दोन साधे स्पीकर ठेवले तरी फरक पडतो. उपशीर्षकं इंग्रजी असतात, ती मागच्या रांगेतून वाचता येतात का हे आदल्या दिवशी मागे बसून तपासा. चालू सिनेमात मराठीत भाषांतर करत बसू नका; सगळ्यांचा रसभंग होतो. त्यापेक्षा अर्ध्या पानावर मराठीत नावं आणि घटना लिहून प्रत्येकाला द्या. दाढी वाढवलेली, हिरव्या कपड्यांतली इतकी माणसं असतात की बंडाचा नेता फिदेल कास्त्रो, त्याचा भाऊ राऊल, साथीदार कामिलो कोण हे कळेपर्यंत पाऊण तास जातो.

नकाशा, ज्याच्याशिवाय मी हा सिनेमा लावतच नाही

दोन्ही भाग नकाशानेच सुरू होतात. पहिल्यात क्यूबाचा, दुसऱ्यात दक्षिण अमेरिकेचा. संगीत वाजत असतं आणि एकेक प्रदेश उजळत जातो. प्रेक्षक तेवढ्या वेळात पाणी प्यायला जातात. मी तिथेच सगळ्यांना खिळवून ठेवते, कारण तोच नकाशा मी आधी भिंतीवर लावलेला असतो.

माप कसं सांगायचं? क्यूबा सुमारे १ लाख १० हजार चौरस किलोमीटर. आपला विदर्भ सुमारे ९७ हजार. म्हणजे विदर्भाला जरा ताणून, अरुंद करून समुद्रात आडवं ठेवावं तसं ते बेट. पूर्वेच्या टोकाला सिएरा माएस्त्राचे डोंगर, सगळ्यात उंच शिखर १,९७४ मीटर, पश्चिमेकडे हवाना. पूर्वेकडच्या सांतियागोपासून हवानापर्यंत साधारण नागपूर-मुंबई इतकं अंतर. बोलिव्हिया या क्यूबाच्या दहापट, महाराष्ट्राच्या साडेतीनपट, आणि त्याला समुद्रकिनाराच नाही. मुलांना दोन्ही नकाशे एकाच मापात कागदावर काढायला लावा. पेन्सिल हातात असताना जे कळतं ते सांगून कळत नाही. ‘एवढ्या मोठ्या देशात पन्नास माणसं?’ हा प्रश्न मग त्यांचा तेच विचारतात.

तारखांसाठी मी नागपूरचाच आधार घेते. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख दीक्षाभूमीमुळे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ६ डिसेंबर १९५६, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण, तीही पाठ. या दोन तारखांच्या मध्ये, २५ नोव्हेंबरला, मेक्सिकोच्या तुक्सपानहून फिदेल आणि चेसह ८२ बंडखोर ग्रानमा नावाच्या बोटीतून क्यूबाकडे निघाले. ती बोट बारा-एक प्रवाशांसाठी बांधलेली होती. २ डिसेंबरला ती क्यूबाच्या दलदलीत रुतली आणि ५ डिसेंबरला क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता याच्या सैन्याने त्या सगळ्यांची धूळधाण केली. वाचून डोंगरात एकत्र आले ते विसेक जण. एवढं सांगितलं की १९५६ हे साल मुलांच्या मनात पक्कं बसतं, आणि ‘हे कुठल्या तरी दूरच्या काळातलं’ असं वाटणं थांबतं. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते त्यांच्या आजीने बघितलेलं असतं.

अजून एक तारीख लिहून ठेवा. १ जुलै १९५९ ला चे दिल्लीत पंडित नेहरूंना भेटला होता. सिनेमात ही भेट नाही. मुलांना मात्र फार आवडते.

पहिल्या भागात काय बघायला सांगायचं

लढाया बघायला सांगावंच लागत नाही. मी तीन गोष्टी सांगते. चे डॉक्टर आहे, तेव्हा तो कोणाला तपासतो ते बघा. डोंगरातल्या बायका आपल्या पोरांना घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभ्या असतात, त्या लोकांनी त्याआधी डॉक्टरच बघितलेला नसतो. दुसरं, कोणाला परत पाठवतो ते बघा. बंदूक नसलेली, लिहिता-वाचता न येणारी पोरं येतात तेव्हा त्यांना तो काय म्हणतो. तिसरं, आपल्याच माणसांना शिक्षा कधी होते. पळून जाऊन, क्रांतिकारकांचं नाव सांगून शेतकऱ्यांना लुटणाऱ्या आणि अत्याचार करणाऱ्या माणसांना तिथेच गोळ्या घातल्या जातात. त्या दृश्याला हॉलमध्ये नेहमी शांतता होते. त्यावर मी तेव्हा काही बोलत नाही.

या तिन्ही गोष्टींतून एकच कळतं की डोंगरातले शेतकरी त्यांच्या बाजूला का आले. शहरांतही त्यांची माणसं होती. सांतियागोत फ्रँक पाईस पैसा, औषधं, माणसं वर पाठवत होता. जुलै १९५७ मध्ये पोलिसांनी त्याला मारलं. सिनेमात हा धागा पुसट आहे, म्हणून अर्ध्या पानाच्या टिपणात तो मी ठळक लिहिते. दुसऱ्या भागात शहराकडून येणारी हीच दोरी तुटलेली असते.

शेवटची पाऊण तासाची सांता क्लाराची लढाई मात्र डोळे उघडे ठेवून बघण्यासारखी आहे. डिसेंबर १९५८. रस्त्यावर रणगाडे, छपरांवर नेमबाज. मग चेची माणसं रस्त्यावर येतच नाहीत. घराची भिंत फोडतात, पलीकडच्या घरात शिरतात, तिथली भिंत फोडतात, असं करत अख्खी ओळ पार करतात. घरातली माणसं आपापल्या स्वयंपाकघरात उभी राहून बघत असतात. आमच्याकडच्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाने तिथे आपणहून महाल आणि इतवारीतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या घरांची आठवण काढली होती. त्याला जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मग रूळ उखडून बातिस्ताची चिलखती गाडी पाडतात, आतले सैनिक शरण येतात. १ जानेवारी १९५९ ला बातिस्ता देश सोडून पळतो.

आणि हवाना दिसायच्या आतच सिनेमा थांबतो. विजयाची मिरवणूक नाही. वाटेत काही पोरं कोणाची तरी मोटार घेऊन मजेत चाललेली असतात, चे त्यांना अडवतो आणि ती जिथून घेतली तिथे परत ठेवून यायला सांगतो. बस. इथे ताबडतोब दिवे लावू नका. नावं पूर्ण वर जाऊ द्या.

मधल्या वेळचं खाणं

सावजी नको, पोट जड होऊन दुसऱ्या भागात डुलक्या लागतात. आम्ही घरी केलेले पोहे आणि वर चण्याची तर्री ठेवतो, जरा बेताची तिखट. जानेवारीत तुरीच्या शेंगा असतात, त्या मीठ घालून उकडून मोठ्या परातीत ठेवल्या की सिनेमा चालू असतानाही खाता येतात. वेफर्सचे पुडे अजिबात आणू देऊ नका. दुसऱ्या भागात पानांवरून चालल्याचा आवाज, नदीचा आवाज आणि तोच श्वास एवढंच असतं बराच वेळ, आणि एका पुड्याच्या चुरचुरीने ते सगळं जातं.

दुसरा भाग

सुरुवातीला फिदेल चेचं निरोपाचं पत्र वाचतो, ऑक्टोबर १९६५ मध्ये वाचलेलं. मग टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, पन्नाशीचा एक गृहस्थ दिसतो. तोच चे, खोट्या नावाने, उरुग्वेच्या व्यावसायिकाचं सोंग घेऊन नोव्हेंबर १९६६ मध्ये बोलिव्हियात शिरलेला. मुलं ओळखत नाहीत. ओळखू देऊ नका, गंमत त्यांची त्यांना मिळू द्या.

पडद्यावर दिवसांचे आकडे येत राहतात. इथे मी मुलांना त्यांचा कागदी नकाशा पुन्हा हातात घ्यायला लावते आणि पहिल्या भागातल्या तीन गोष्टींपुढे काय बदललं ते लिहायला सांगते. चे इथेही शेतकऱ्याच्या आजारी मुलाला तपासतो. इथेही पैसे देऊन धान्य घेतो. शेतकरी ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि एकही जण त्याच्याबरोबर जात नाही.

का, याची कारणं सिनेमा समजावत बसत नाही, तुम्हाला ती सांगावी लागतील. बोलिव्हियात १९५२ मध्ये क्रांती होऊन गेली होती आणि पुढच्याच वर्षी जमिनीचं फेरवाटप झालं होतं. तिथल्या शेतकऱ्याकडे थोडी का होईना स्वतःची जमीन होती. राष्ट्राध्यक्ष बारिएंतोस त्यांच्याशी केचुआ भाषेत बोलायचा. चेच्या माणसांनीही केचुआ शिकायला घेतली होती, पण न्यांकाउआसू नदीच्या ज्या मुलखात ते उतरले तिथे ग्वारानी बोलली जायची. बोलिव्हियाच्या कम्युनिस्ट पक्षाने हात काढून घेतला. अमेरिकेच्या प्रशिक्षकांनी बोलिव्हियाची रेंजर तुकडी तयार केली. आणि दम्याची औषधं गुहेत लपवून ठेवली होती, ती सैन्याच्या हाती लागली.

जमिनीचं काय? हे समजावताना मला आपलं जंगल फार उपयोगी पडतं. पेंचला किंवा रामटेकच्या बाजूला पावसाळ्यानंतर गेलेली मुलं असतात, आणि एप्रिलमध्ये गेलेलीही असतात. तोच सागाचा पट्टा. ऑक्टोबरात वीस पावलांवरचं माणूस दिसत नाही, एप्रिलमध्ये पानं झडली की पार पलीकडचा नाला दिसतो आणि पाऊल ठेवलं की पानं वाजतात. सिएरा माएस्त्रा हा ओला, दाट डोंगर. बोलिव्हियाच्या त्या भागात कोरड्या घळी, काटेरी झुडपं, उघडे माथे. लपायला जागा कमी आणि पाणी ठरावीक ठिकाणीच, म्हणजे पाण्याशी कोण येणार याची वाट बघत बसलं की झालं. रिओ ग्रांदे नदीच्या उतारावरचं, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेवरचं, दृश्य याच एका गोष्टीवर उभं आहे. ३१ ऑगस्ट १९६७. ओनोरातो रोहास नावाचा शेतकरी चेच्या मागे राहिलेल्या तुकडीला उतार दाखवतो. ती माणसं बंदुका डोक्यावर धरून कमरेइतक्या पाण्यात शिरतात, आणि काठावर सैन्य दडलेलं असतं. त्या तुकडीतली तानिया ही बंडखोर बाई त्यातच गेली.

८ ऑक्टोबर १९६७ ला चे पकडला जातो, ९ तारखेला ला इगेरा गावच्या शाळेच्या मातीच्या खोलीत त्याला गोळ्या घालतात. त्या क्षणी कॅमेरा चेच्याच जागी असतो. सबंध सिनेमाभर त्याच्या बाहेर राहिलेला कॅमेरा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी बघतो. हे आधी सांगून टाकू नका, मी इथे लिहिलं ते दाखवणाऱ्यांसाठी.

जे सिनेमात नाही

हे न सांगता मुलांना घरी पाठवणं मला पटत नाही. पहिला भाग हवानाच्या अलीकडे संपतो आणि दुसरा १९६५-६६ ला सुरू होतो. मधल्या वर्षांत १९५९ साली हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात चेच्या अधिकाराखाली खटले चालले आणि बातिस्ताच्या माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या खटल्यांच्या निष्पक्षपणावर तेव्हापासून आजवर टीका होत आली आहे. संयुक्त राष्ट्रांतल्या १९६४ च्या भाषणात त्याने स्वतःच उघड सांगितलं की आम्ही मृत्युदंड दिले आहेत, देतो आहोत आणि गरज असेतोवर देत राहू. राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष आणि उद्योगमंत्री म्हणून त्याने काय केलं तेही नाही. १९६५ मधली काँगोची फसलेली मोहीम नाही. बर्डीच्या बाजारात टी-शर्टावर मिळतो तो फोटो आल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला काढला, ती सभाही नाही. तो टी-शर्ट घालून येणारा एकतरी मुलगा असतोच. त्याला मी पहिल्या रांगेत बसवते आणि शेवटी ला काबान्याचं टिपण त्यालाच मोठ्याने वाचायला देते.

चर्चा

‘आवडला का’ असं विचारू नका. ‘क्यूबात शेतकरी आले, बोलिव्हियात का आले नाहीत’ एवढं विचारा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत गडचिरोलीचा विषय निघतो. निघू द्या. नागपुरात बसून गनिमी युद्धावर बोलायचं आणि पावणेदोनशे किलोमीटरवरचं गडचिरोली टाळायचं, हे मला जमणार नाही. माझ्या नोकरीची पहिली वर्षं अहेरीकडे गेली. तिथल्या पालकांच्या डोळ्यांतली भीती मी बघितली आहे, आणि तिला दोन बाजू होत्या.

आवाज चढले तर रोहासच्या दृश्याकडे परत या. एकदा सगळे त्याला गद्दार म्हणत होते तेव्हा कुरखेड्याकडची, इथे होस्टेलला राहणारी एक मुलगी म्हणाली, “त्याला काहून बोलून राहिले तुम्ही? रात्री एक येते, जेवण मागते. सकाळी दुसरा येते, जेवण का दिलं म्हणून विचारते. त्यानं कोणाचं ऐकाव?” मी तिला त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगितलं: १९६९ मध्ये बंडखोरांनी त्याला शोधून मारलं. ती म्हणाली, “हे मले माहीतच होतं मॅडम.”

त्यानंतर चर्चा वेगळी होते. चे बरोबर की चूक यावरून ती रोहासच्या घरावर, त्याच्या बायकोमुलांवर येते, आणि पहिल्या भागातले रांगेतले शेतकरी पुन्हा आठवतात. दहाच्या आत संपवा, मुलींना घरी पोचवायला कोणीतरी ठरवून ठेवा. कागदी नकाशे मुलांकडेच राहू द्या, आणि ज्यांनी फक्त एक भाग बघितला त्यांना दुसरा त्याच आठवड्यात घरी बोलावून दाखवा.